खेळले, पण धरले नाहीत

सुनेत्रा वर्तकांना फुटबॉल आवडत नसे. बावीस धडधाकट माणसं एका चेंडूमागे चिखलात लोळतात आणि त्यांना बघायला दोनशे माणसं थंडीत उभी राहतात, यात शहाणपणाचं काय आहे, असं त्या चारचौघांत विचारत. तरीही ऑर्मडेल टाउन या इंग्लंडातल्या किरकोळ क्लबाचा एकोणीसशे चारपासूनचा प्रत्येक सामना, प्रत्येक गोल आणि प्रत्येक खेळाडू नीट मांडून ठेवलेली जगातली एकमेव वही हॉलंडातल्या आइंडहोवनमध्ये, वूनसेल भागातल्या त्यांच्या जेवणाच्या टेबलावर होती. फुटबॉल आवडत नसला, तरी चुकीची बेरीज त्यांना बघवत नसे.

हे खूळ मुळात नवऱ्याचं. नीळकंठ वर्तक एकाहत्तर साली यंत्रमागांचं शिक्षण घ्यायला उत्तर इंग्लंडात ऑर्मडेलला गेले. खोली मिळाली ती मैदानाच्या भिंतीला लागून. गावात ओळखीचं कुत्रं नाही, सदा पाऊस. शनिवारी भिंतीपलीकडून ओरडा ऐकू आला की हा पंचविशीचा मुलगा तिकडे जाऊन उभा राही. तिथल्या लोकांनी त्याला बाजूला सरकून जागा दिली, गरम सूपचा कप दिला. एवढं पुरलं. पुढे नोकरी हॉलंडात लागली, लग्न पुण्यात झालं, पण क्लब सुटला नाही.

शहात्तर साली सुनेत्राताई नवी नवरी म्हणून आइंडहोवनला आल्या. संख्याशास्त्रातली एम.एस्सी., तीही पहिल्या वर्गात. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी नवऱ्याच्या वह्या उघडल्या आणि कपाळाला हात लावला.

"अहो, याच मोसमात तुमच्या संघानं एकसष्ट गोल केलेत, आणि खेळाडूंच्या नावावर मिळून चौसष्ट आहेत. तीन गोल काय भुतांनी मारले?"

"कुठेतरी चुकलं असेल."

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

ते 'कुठे' शोधण्यात चव्वेचाळीस वर्षं गेली. जुनी वर्तमानपत्रं मागवली, ग्रंथालयांना पत्रं लिहिली, सामन्यांची छापील पत्रकं गोळा केली. नवरा गोष्टी सांगे, बायको आकडे तपासे. अठ्ठ्याऐंशी साली क्लबनं कळवलं, आमचं अधिकृत रेकॉर्ड आता तुमचंच. नीळकंठराव पेढे करा म्हणाले. सुनेत्राताई म्हणाल्या, आधी पंचावन्न सालचा जानेवारी मिळू दे.

या सगळ्या वर्षांत दोघांचं खरं भांडण एकदाच झालं, त्र्याऐंशी साली. विषय होता वॉल्टर शॉ. एकोणचाळीसच्या ऑगस्टमध्ये हा एकोणीस वर्षांचा पोरगा ऑर्मडेलकडून दोन सामने खेळला, तीन गोल मारले. मग युद्ध सुरू झालं, मोसम रद्द झाला, आणि वॉल्टर युद्धावर गेला तो परत आला नाही. रद्द मोसमातले सामने रेकॉर्डमध्ये धरायचे नाहीत, असा सगळ्या आकडेवाल्यांचा रिवाज. सुनेत्राताईंनी त्याचं नाव काढून टाकलं.

"तीन गोल मारले ते काय हवेत मारले का?" नीळकंठराव तेव्हा ताडकन उठले होते. "त्याचं दुसरं काहीच नाहीये गं कुठे. तेवढं तरी ठेव."

"रद्द म्हणजे रद्द. माणूस बघून नियम बदलायचा नसतो."

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी आमटी खारट झाली तेव्हा बोलावंच लागलं. वॉल्टर शॉ मात्र बाहेरच राहिला.

मग दोन हजार सतरापासून नीळकंठराव विसरू लागले. आधी किल्ल्या, मग घरचा रस्ता, मग लेक उत्तराचं नाव. सायकल घेऊन बाहेर पडत आणि पोलिसांबरोबर परत येत. एकोणीस साली त्यांना स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या निवासात ठेवावं लागलं, घरापासून सायकलनं पंधरा मिनिटांवर. तळमजल्यावरची खोली, खिडकीसमोर फुलांचा ताटवा. काल काय जेवलो हे त्यांना सांगता येत नसे. चौऱ्याहत्तरच्या कप सामन्यात तिसरा गोल कोणी मारला, हे मात्र विचारायचा अवकाश.

सुनेत्राताई मंगळवारी आणि शनिवारी जात. शनिवारी संध्याकाळी निकाल वाचून दाखवत. त्या वर्षी निकालांत रंग भरला होता, कारण क्लबचा कर्णधार डीन हॉलरॉइड फ्रँक ॲस्पिनलच्या विक्रमाजवळ आला होता. ॲस्पिनलचे एकशे शहाऐंशी गोल अठ्ठावन्न सालापासून कोणी ओलांडले नव्हते. डीन एकशे एकोणऐंशीवर मोसमात उतरला. वय सदतीस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, हा शेवटचा मोसम असं त्यानं जाहीरच केलेलं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्यानं एकशे सत्त्याऐंशीवा मारला.

"कुठल्या पायानं?" नीळकंठरावांनी विचारलं.

"डाव्या. एकाहत्तराव्या मिनिटाला. प्रेक्षक दोनशे चौदा."

"डावा!" ते टाळी वाजवून हसले. "डावा त्याचा नुसता उभं राहायला आहे."

त्या दिवशी त्यांनी बायकोला नावानं हाक मारली. सुनेत्राताईंनी घरी जाऊन आकडा शाईनं लिहिला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात डीननं आणखी एक मारला. नऊ गोल, एकशे अठ्ठ्याऐंशी.

मग ती साथ आली. वीस मार्चला निवासाचं दार भेटीला येणाऱ्यांसाठी बंद झालं. पुढच्या आठवड्यात इंग्लंडातून बातमी आली, ऑर्मडेल खेळतो त्या खालच्या पायरीवरच्या लीगांचा मोसम रद्द. अर्धवट सोडलेला नव्हे, पुसून टाकलेला. सगळे निकाल, सगळे गोल. जणू खेळलेच नव्हते.

क्लबचे सचिव ॲलन यांचं पत्र आलं. मोसमाची पुस्तिका छापायची आहे, पंधरा जूनपर्यंत अंतिम याद्या द्याव्यात. डीन विचारतोय, त्याचं काय? तुम्ही म्हणाल ते आम्ही मानू.

सुनेत्राताईंनी काय म्हणायचं ते सदतीस वर्षांपूर्वीच म्हणून ठेवलं होतं. डीनचे नऊ धरले तर वॉल्टरचे तीन धरायला हवेत. मग प्रत्येक रद्द सामन्याचा मालक उठेल आणि वहीची खिचडी होईल. उत्तर सोपं होतं. त्यांनी ते आठवडाभर पाठवलं नाही. मग महिनाभर पाठवलं नाही.

कारण शनिवार येत होते. दार बंद, पण ताटव्यात उभं राहायला कोणी मनाई केली नव्हती. आतून परिचारिका मरायके नीळकंठरावांच्या कानाशी फोन धरी, बाहेर सुनेत्राताई सायकल भिंतीला टेकवून, तोंडावर मास्क लावून उभ्या.

"काय झालं ऑर्मडेलचं?"

"सामना झाला नाही."

"का? पाऊस?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं त्यांनी. काचेपलीकडे तो चेहरा एवढा उत्सुक, की शब्द वळला. "हो. पाऊस."

आयुष्यात एक आकडा खोटा न लिहिलेली ही बाई. पुढच्या शनिवारी पुन्हा पाऊस, त्याच्या पुढच्याही शनिवारी पाऊस. आइंडहोवनला कडक ऊन पडलं होतं, ट्युलिप माना टाकत होते, आणि ऑर्मडेलला बिचाऱ्याला सात शनिवार सलग झोडपून निघत होतं.

"एवढा पाऊस इंग्लंडातसुद्धा पडत नाही," नीळकंठराव एकदा म्हणाले. मग हळूच, "डीनचे किती झाले?"

"अहो, मरायके हात दुखतोय म्हणते. ठेवते आता."

मरायकेला मराठी कळत नव्हतं म्हणून बरं.

ग्रोनिंगनहून उत्तराचा फोन आला, तिच्या नेहमीच्या इंग्रजीत. "आई, इट्स जस्ट अ गेम. सांग ना त्यांना, रेकॉर्ड झाला. हू केअर्स?"

"मी करते केअर. ते विचारतात ते खरं म्हणून विचारतात. थापा ऐकायच्या असत्या तर टीव्ही होता त्यांच्याकडे."

"पण पावसाची थाप चालते?"

लेक कोणाची! सुनेत्राताईंनी फोन ठेवला.

दहा जूनला निवासाकडून सहामाही अहवाल आला. वजन, रक्तदाब, झोप, औषधं, सगळं रकान्यात व्यवस्थित. असा कागद सुनेत्राताईंना एरवी आवडला असता. तळाशी एक ओळ होती: वीस मार्चपासून आजपर्यंत नातेवाइकांच्या भेटी, शून्य.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग पर्समधली छोटी डायरी काढून मोजलं, मोजायची गरज नसताना. मग फोन लावला.

"मरायके, शून्य कसं? मी चोवीस वेळा आलेय."

"मेव्राउ वर्तक, दार बंद होतं ना. आत आलेली माणसंच त्या रकान्यात धरतात. खिडकी धरत नाहीत."

"पण मी आले होते."

"मला माहितेय, मेव्राउ. फोन मीच धरला होता."

बाई बरोबर बोलत होती. रकान्याची व्याख्या बरोबर, आकडाही बरोबर. कुणी सुनेत्राताईंच्या हातात तोच तक्ता भरायला दिला असता तर त्यांनीही शून्यच लिहिलं असतं, आणि हुज्जत घालणाऱ्याला दोन शब्द ऐकवले असते. मार्चअखेरच्या त्या बोचऱ्या वाऱ्यात बोटं बधिर होईस्तोवर उभी राहिलेली बाई त्या कागदावर कुठेच नव्हती. चहा निवून गेला. त्यांनी तो तसाच प्यायला.

तेरा जूनच्या शनिवारी त्या ताटव्यात उभ्या राहिल्या.

"काय झालं ऑर्मडेलचं?"

"अहो, ऐका. पाऊस नव्हता. मी खोटं सांगितलं. साथ आलीये मोठी, सगळीकडे. मोसम रद्द केलाय त्यांनी. पूर्ण."

ते काचेकडे बघत राहिले. "डीनचे?"

"एकशे एकोणऐंशी."

"तो डाव्या पायाचा?"

"झाला तो. मारला त्यानं. पण धरत नाहीत."

मरायकेनं हात बदलला. मग नीळकंठरावांचा आवाज आला, जुना, तरुण, भांडखोर.

"वॉल्टर शॉ. तूच काढलास त्याला."

"हो. मीच काढला."

"मी तेव्हाच म्हटलं होतं तुला..."

"काय? काय म्हणाला होतात?" त्या काचेला जवळजवळ नाक लावून विचारत होत्या.

त्यांच्या कपाळावर आठी पडली. शब्द आला होता, गेला. त्यांनी मरायकेकडे पाहिलं, मग काचेबाहेरच्या मास्कवाल्या म्हातारीकडे, आणि फार अदबीनं विचारलं, "बाई, आपण कोणाकडे आला आहात?"

सुनेत्राताई म्हणाल्या, "तुमच्याकडेच." आणि सायकल घेतली.

घरी येऊन त्यांनी वही उघडली. एकशे ऐंशीपासून एकशे अठ्ठ्याऐंशीपर्यंतच्या नऊ आकड्यांवर पट्टी ठेवून तांबड्या शाईची रेघ ओढली, सरळ. डीन हॉलरॉइड, एकशे एकोणऐंशी. विक्रम फ्रँक ॲस्पिनलकडेच. नियम नियमाच्या जागी राहिला.

मग वहीच्या शेवटी एक कोरं पान काढलं आणि रकाने आखले. तारीख, प्रतिस्पर्धी, मिनिट, प्रेक्षक. वर शीर्षक लिहिलं: 'खेळले, पण धरले नाहीत'. पहिली नोंद वॉल्टर शॉची, दोन सामने, तीन गोल. हे तपशील शोधायला लागले नाहीत. सदतीस वर्षं ते त्यांच्या डोक्यात तसेच होते, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. त्याच्याखाली वीस सालचा अख्खा मोसम, सामन्यामागून सामना. फेब्रुवारीतल्या ओळीत डीनच्या नावापुढे त्यांनी 'डावा पाय' असंही लिहिलं. अशी नोंद वहीत आजवर कुठेच नव्हती.

पंधरा जूनला सकाळीच याद्या गेल्या. दुपारी ॲलनचं उत्तर आलं. डीनला सांगितलं, त्यानं एवढंच विचारलं, वॉल्टर शॉ कोण? पान छानच आहे, पण पुस्तिकेत इतकी जागा नाही.

सुनेत्राताईंनी उलट टपाली कळवलं: जागा करा.

त्याच आठवड्यात निवासाचं दार एकेका माणसासाठी उघडलं. हात धुवून, ताप मोजून, मास्क लावून सुनेत्राताई तीन महिन्यांनी त्या खोलीत खुर्चीवर बसल्या. नीळकंठरावांनी त्यांच्याकडे पाहून ओळखीचं हसल्यासारखं केलं. ओळख होती की नुसता सभ्यपणा, ते कळायला मार्ग नव्हता. सुनेत्राताईंनी पिशवीतून वही काढली आणि शेवटचं पान वाचायला घेतलं. एकोणचाळीस सालापासून, सावकाश, एकेक ओळ. ते डोळे मिटून ऐकत होते. फेब्रुवारीपाशी आल्यावर त्या मुद्दाम थांबल्या.

"डाव्या पायानं," ते डोळे न उघडता म्हणाले.

"डाव्या पायानं," त्यांनी वाचलं, आणि पुढे सरकल्या.

पान संपलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. बायकोचा कोरडा कोट निरखला, खिडकीबाहेर पाहिलं.

"थांबला वाटतं पाऊस."

सुनेत्राताईंनी वही मिटली.

"हो," त्या म्हणाल्या. "आत्ताच."