राघोची दिवटी

ज्याने लहानपणी मिठागरात पाय भाजून घेतले, त्याला ओलं आणि कोरडं यांतला फरक शिकवावा लागत नाही. आमचा राघो खाडीकाठचा. मिठागर सोडून तो ठाण्यात वायरमन झाला, पण पारखायची सवय गेली नाही. मोटरीजवळ गेला की आधी बंद करून हाताची पालथी बाजू लावायचा, मग जळका वास येतो का ते हुंगायचा, आणि मगच थैलीतून आपली दिवटी काढायचा. दिवटी म्हणजे होल्डरातला एक बल्ब आणि त्याला दोन वायरी. वीज जिथवर आली असेल तिथवर बल्ब पेटायचा. "गावात सगळे खोटं बोलतील, माझी दिवटी नाही बोलायची," असं तो मिशीत हसून म्हणायचा. गर्व होता त्याला, आणि शोभायचाही.

टेंभी नाक्याजवळ श्रीपादरावांचा मोटारदुरुस्तीचा कारखाना होता; तिथली विजेची कामं राघोच बघायचा. तिथला हवेचा कॉम्प्रेसर पंढरी सांभाळायचा. चोपन्न साली पंढरी तापाने गेला. त्याची बायको बायजा तिथेच झाडलोटीला लागली. त्या वर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा मांडली, तेव्हा श्रीपादराव म्हणाले, "बायजा, पंढरीच्या मशिनीची पूजा तूच कर."

ती दाराआड उभी होती. भीत भीत पुढे आली. हळदकुंकू वाहिलं, ओंजळभर अक्षता टाकल्या, झेंडूचा जाड हार घातला. मग पदराने टाकी पुसत बराच वेळ तिथेच राहिली.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं, तर मशीन ढिम्म.

मधु रंगारी हवेच्या फवाऱ्याने मोटारी रंगवायचा. त्याचं काम अडलं. "मी तेव्हाच म्हटलेलं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "विधवेचा हात लागला. आता बसा शंख करत."

श्रीपादराव वाईट नव्हते, पण माणसांना भ्यायचे. "बायजा," ते खाली बघत म्हणाले, "मोटर जळली असली तर मला कुणाला समजावता येणार नाही. तुला दुसरीकडे काम बघावं लागेल."

बायजाने झाडू भिंतीला टेकवला. गेली मात्र नाही.

राघोला बोलावलं. तो आला, तर सगळ्यांची तोंडं उतरलेली. "कोण मेलं?" त्याने विचारलं. मधुने सांगितलं. राघोने मोटरीला हात लावला, हुंगलं. "जळली नाय. वास नाय."

फ्यूज बघितला, शाबूत. मेन स्विचवर दिवटी लावली, पेटली. टाकीवर हवेच्या दाबाचा स्विच असतो. हवा कमी झाली की त्याचे दोन पॉइंट एकमेकांना टेकतात आणि मोटर सुरू होते. टाकी भरली की सुटतात. राघोने हार बाजूला केला, स्विचमध्ये वीज येते त्या बाजूला दिवटी लावली. पेटली. मोटरीकडे जाते त्या बाजूला लावली. अंधार.

"म्हणजे इथंच," तो म्हणाला, आणि थबकला. स्विचला झाकणच नव्हतं.

त्याने मेन बंद केला. पॉइंटमध्ये वाकून बघितलं. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा दोन्ही पॉइंटच्या मधोमध बसला होता. पूजेच्या वेळी टाकी भरलेली, पॉइंट सुटलेले. अक्षता आत पडली. हवा उतरली तेव्हा पॉइंट मिटायला गेले, ते दाण्यावर अडले.

"बघा," मधु म्हणाला, "तिचीच अक्षता!"

राघो थैलीत काहीतरी चाचपत होता. पक्कडीखालून त्याने पत्र्याचं झाकण काढलं आणि सगळ्यांसमोर धरलं. त्याचे कान लाल झाले होते.

"अक्षता तिची, झाकण माझं. पूजेच्या आदल्या दिवशी पॉइंट घासले, आणि हे थैलीत टाकून घरी गेलो. श्रीपादराव, सवाष्णीने टाकली असती तरी अक्षता तिथंच पडली असती. तांदळाला काय ठाऊक, कुणाचा हात?"

"मग मला मशीन अडवायची होती का रे दादा?" बायजा पहिल्यांदा बोलली.

"नाय गो. तू देवाला जेवू घातलंस. मी त्याचं तोंड उघडं टाकलं."

मधुसुद्धा हसला. राघोने काडीने दाणा काढला, पॉइंट पुसले, झाकण बसवलं, मेन लावला. मोटर घरघरली. श्रीपादरावांनी भिंतीचा झाडू स्वतः उचलून बायजाच्या हातात दिला.

पुढे दर खंडेनवमीला त्या मशिनीची पूजा तीच करायची. अक्षता हातात घेतल्या की अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असं विचारायची, "राघोदादा, झाकण कुठाय?"

आणि इतका तोऱ्याचा आमचा राघो, हातातलं काम टाकून उठायचा, झाकणावर बोटाने टकटक करून दाखवायचा.

"बसवलंय गो. टाक."