चौदा, सोळा की अठरा

म्हापशातल्या वाद्यांच्या दुकानात पाऊल टाकताच गौरेश शेट्ये सरकून सर्वेशच्या उजव्या बाजूला उभा राहिला. म्हणजे सर्वेश त्याच्या डाव्या हाताला आला. उजवा कान जवळजवळ गेलेला होता, डाव्यावर कसंबसं भागत होतं. ही गोष्ट बायको ताराखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती, आणि ती आज इथे उघडी पडू नये म्हणून तो सकाळपासून जपत होता.

कोरगावात गौरेशची पिठाची गिरण. तीस वर्षं तो तिच्या पट्ट्याशेजारी उभा राहिला, पट्टा नेहमी उजव्या बाजूला. शनिवार-रविवार मात्र तो मांद्र्याच्या हॉटेलांत सर्वेशच्या बँडमध्ये ड्रम वाजवी. सर्वेश शेजारच्या घरातला, अठ्ठावीस वर्षांचा. त्याला ताल मोजायला गौरेशनेच शिकवलं होतं. पण आता बँड सर्वेशचा होता आणि कोण वाजवणार हे तोच ठरवी.

गेल्या मे महिन्यात डिचोलीच्या एका लग्नात गाणं संपलं तरी गौरेशचे हात चालूच राहिले. लोक हसले, त्यांना ती गंमत वाटली. सर्वेशही हसला. गौरेशला मात्र धाकूची आठवण झाली. धाकू ट्रंपेट वाजवायचा. त्याचे दात गेले आणि सूर घसरायला लागला. त्याला कुणी काढलं नाही, कुणी भांडलं नाही. फक्त पुढच्या कार्यक्रमाचा फोन आला नाही. आता तो अंगणात पेपर वाचत बसतो आणि बँडचं नाव निघालं की विषय बदलतो.

"सांगून टाका एकदा," तारा म्हणाली होती. "टीव्ही लावलात की पलीकडच्या वाड्यावर बातम्या कळतत. सर्वेशाक काय कळूचा नाय?"

जुन्या बेसड्रमची, म्हणजे जमिनीवर ठेवून पायाने वाजवायच्या त्या मोठ्या ढोलाची, फळी पावसाच्या ओलीने सुटली होती. म्हणून आज नवा बेसड्रम घ्यायचा होता. दुकानदार देवेशने तीन बेसड्रम एका रांगेत ठेवले. तिघांची तोंडं सारखीच, बावीस इंची. फरक खोलीत होता. एक चौदा इंच खोल, एक सोळा, एक अठरा.

"जितको खोल, तितको आवाज लांबतो," देवेश म्हणाला. "चौदा वाजलो की लगेच थांबता. वाजवचा खंय?"

"मांद्र्याक, हॉटेलाच्या हॉलात," सर्वेश म्हणाला. "छप्पर ठेंगणा."

"मग चौदा. अठरा थंय घुमत रवतलो."

गौरेशने चपला काढल्या आणि तिन्ही वाजवून बघितले. लहानपणापासून तो चतुर्थीच्या आरतीला घुमट वाजवत आला होता. मातीच्या त्या वाद्याचा खोल आवाज पोटाशी धरून समजून घ्यायची सवय अंगात मुरलेली. इथेही त्याने गुडघा ढोलाला टेकवला. अठरा इंची थेट छातीत उतरला. चौदा इंची मात्र कुणी पिठाची पिशवी जमिनीवर ठेवावी तसा वाटला. ठोक्याची सुरुवात, ती टणक 'टक', त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. या ढोलावर आपण कधी वाजवलं आणि कधी थांबलो, हे आपल्याला कळणार कसं?

"अठरा घेऊया," तो म्हणाला. "वजनदार आसा."

सर्वेश ढोलांकडे गेला. "काका, तुम्ही मोठो बघून भुललात. पाठ करून काउंटरकडे उभे रवा. मी वाजवतंय, तुम्ही सांगा खंयचो तो."

नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. गौरेश वळला. त्याने दोन्ही हात काउंटरच्या काचेवर टेकले. कान नाही तर हात तरी सांगतील.

काच थरथरली, बराच वेळ. "अठरा," तो म्हणाला.

"बरोबर."

काच एकदाच हलली. "चौदा."

"बरोबर."

त्याला जरा धीर आला. मग काही क्षण काहीच नाही. ठोका पडून गेला की काय? त्याने बोटं आणखी दाबली. तेवढ्यात काच हलली, मध्यम, ना लांब ना तुटक.

"सोळा," तो ठासून म्हणाला. "होच बरो."

मागून उत्तर आलं नाही. त्याने मान वळवली. सर्वेश ढोलांपासून चार पावलं दूर उभा होता, मोबाइल हातात धरून. बाहेर रस्त्यावरून मोप्याच्या दिशेने जाणाऱ्या खडीच्या ट्रकचा मागचा भाग दिसत होता.

"काका, फोन इलो, मी तिसऱ्यांदा वाजवूकच नाय," सर्वेश म्हणाला. "थांबा म्हणून दोनदा सांगलंय तुमका."

देवेश उगाच एक स्क्रू पिळू लागला. गौरेश ड्रमच्या स्टुलावर बसला.

"कधीपासून?" सर्वेशने विचारलं.

"दोन वर्सां," गौरेश म्हणाला. "उजवो गेलो. डाव्याचा काय खरा नाय."

"आणि माका सांगूक नाय?"

"धाकूक कोणी इचारल्यान?"

सर्वेशने मान खाली घातली. गौरेशने मग स्टूल स्वतःच चौदा इंचीकडे ओढलं.

"हॉलाक होच लागतलो," तो म्हणाला. "अठरा माझ्या भयासाठी होतो. तू गिटार घे. माझ्या समोर उभो रव, हात दिसाक होयो."

सर्वेशने भिंतीवरची गिटार उतरवली आणि दोघांनी एक गाणं वाजवायला घेतलं. गौरेश सर्वेशच्या मनगटाकडे डोळे लावून होता. पायाखाली ती पिठाची पिशवी पडत राहिली. ती बरोबर जागी पडते आहे की नाही याची खात्री पटायचा कोणताच मार्ग नव्हता. मनगट थांबलं तसा तो थांबला. एकत्र थांबलो का? त्याने देवेशच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काहीच वाचता येईना.

"चौदा बांध," सर्वेशने देवेशला सांगितलं. मग तो गौरेशसमोर उकिडवा बसला आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाला, "डॉक्टरकडे कधी जातलात? कानात यंत्र बसवल्याशिवाय मी डिसेंबरच्या कार्यक्रमाची तारीख घेऊचंय नाय."

"सोमवारी," गौरेश म्हणाला. आपण ते ओरडून बोललो की पुटपुटलो, हे त्याला कळलं नाही.