कादंबरीतल्या माणसांशी भांडणारी आत्या

आत्या कादंबरीतल्या माणसांशी भांडायची. मनातल्या मनात नव्हे, चांगलं खड्या आवाजात. वाचनालयातलं पुस्तक मांडीवर, हातात मेथीची जुडी, आणि मधेच एखाद्या नायिकेला, "आगं, त्येच्या नादाला लागू नगंस की!" असा सल्ला मिळायचा. मी गारगोटीहून कॉलेजसाठी तिच्याकडे शाहूपुरीत राहायला आले, तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, घरात भांडण लागलंय.

२००५ च्या पावसाळ्यात तिच्या हाती एक अनुवादित कादंबरी लागली. जगभरची वीज जाते, फोन, गाड्या सगळं बंद पडतं. नायक घरात धान्य-पाणी दडवतो आणि शेजारी आले तर कडीच काढत नाही. आत्या भडकली. "ह्यो काय माणूस हाय व्हय? दारातल्याला पाणी न्हाय म्हणतोय!" तिच्या दारातून पोस्टमनसुद्धा पाणी प्यायल्याशिवाय जात नसे, त्यामुळे तिचा राग अगदी खरा होता.

पुस्तक निम्मं झालं असेल-नसेल, पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. वीज गेली, फोन बंद, नळ कोरडे. त्यातच मला ताप भरला. खालच्या मजल्यावरच्या आक्काताई तान्ह्या नातवाला घेऊन वर आमच्या शेजारच्या रिकाम्या खोलीत आल्या होत्या. पाऊस उघडला, पण पूर उतरेना. दुपारी त्या दारात आल्या.

"वैनी, बाळाच्या दुधापुरतं पाणी हाय का वाईच?"

माझ्या कॉटखाली भरलेली कळशी होती. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "न्हाय ओ. आमचंबी संपलं."

मी शुद्धीवर होते. मी डोळे मिटून घेतले.

तासाभराने आक्काताई पुन्हा आल्या. मदतीला होडी घेऊन आलेल्या पोरांनी त्यांना पाण्याचा कॅन दिला होता. "ह्यातलं निम्मं घ्या. तुमच्यातबी संपलंय न्हवं? पोरगी तापलीया."

आता नको कसं म्हणणार? आत्याने पातेलं पुढे केलं. ते भरेपर्यंत तिने मान वर केली नाही.

पूर ओसरल्यावर तिने ती कादंबरी अर्धवटच परत केली. मी विचारलं तर म्हणाली, "त्येला बोलायला मला तोंड ऱ्हायलं न्हाय." पुढेही ती वाचायची, पण मुकाट्याने. घर इतकं शांत झालं की मला करमेना. आक्काताईंना एकदा सांगून टाकायचं म्हणून ती खाली जायची आणि भाजीचे भाव बोलून वर यायची. माझ्यासाठी केलं होतं तिने, हे मला बोचायचं, अजून बोचतं. शेवटच्या आजारपणात तिने माझा हात धरला. "माझ्यानं झालं न्हाय. तू तरी सांगशील न्हवं त्यास्नी?" मी हो म्हणाले.

तिच्या बाराव्याला आक्काताई बायकांत बसून रडत होत्या. "पुरात घरात पाण्याचा घोट नव्हता, पर बाईनं कुणाम्होरं हात पसरला न्हाय. मीच बळं वतलं, तवा घेतलं."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.