शेजारच्या काकांची बंदूक

"दाजी, धाड पडली!"

माझा मेहुणा पडद्याआडून कुजबुजला. त्याची कुजबुज खालच्या मजल्यावर सहज ऐकू येते. शनिवारची सकाळ होती आणि मी चहा गाळत होतो. गाळणं तसंच ठेवून वर गेलो. शेजारच्या घरापुढे पोलिसांची गाडी उभी होती. एक पन्नाशीचा पोलीस आणि त्याच्याबरोबरची तरुण पोलीस बाई दारात वाकून आपापले बूट काढत होते.

"बूट काढून कुणी धाड घालतं का?" माझ्यामागून आलेली बायको म्हणाली.

"ताई, तुला काय माहीत! ह्यूस्टनला अशी गाडी थांबली तर आख्खी गल्ली आडवी पडते." मेहुण्याचे डोळे चमकत होते. तो तिथे बारा वर्षं आहे आणि त्याच्या घरात तीन बंदुका आहेत. हे तो ज्या सुरात सांगतो, त्या सुरात आमच्याकडे लोक मिक्सर किती वर्षं टिकला ते सांगतात. दीड महिन्यासाठी तो आमच्याकडे आला होता. दिवसभर झोपायचा, रात्री अमेरिकेचं काम करायचा, आणि जपानमधल्या आमच्या या इचिकावात काहीच घडत नाही अशी तक्रार करायचा. आता घडत होतं.

धाड नव्हती हे मला माहीत होतं. शेजारच्या काकांकडे परवान्याची दुनळी बंदूक आहे. दोन वर्षांपूर्वी हे घर घेतलं तेव्हा त्यांनीच ओळख करून देताना सांगितलं होतं, जसं एखादा सांगेल की आमचा कुत्रा भुंकतो पण चावत नाही. हिवाळ्यात ते आमच्या चिबा प्रांताच्या दक्षिणेकडच्या डोंगरात रानडुकरं मारायला जातात, एरवी हवेत उडणाऱ्या तबकड्या फोडायच्या नेमबाजीच्या मैदानावर. बंदूक एका लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्यात, दोन्ही कपाटं भिंतीला बोल्टनं आवळलेली. पोलीस येऊन कपाटं हलवून बघतात आणि काडतुसं मोजतात. हिशेब एका काडतुसानंही चुकता कामा नये. हे ऐकल्यापासून मला काकांबद्दल आदर होता.

गाडी गेल्यावर थोड्या वेळानं काका स्वतः आमच्या दारात आले. चौऱ्याहत्तर वर्षांचा बारीक, ताठ माणूस. बस चालवून निवृत्त झालेला.

"परवाना नवा करायची वेळ आली आहे," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात पोलीस तुमच्याकडे येतील. शेजाऱ्यांना माझ्याबद्दल विचारतात. तुम्हाला उगाच त्रास. जे असेल ते सांगा." कमरेत वाकून त्यांनी क्षमा मागितली आणि गेले.

मी भाषांतर केलं तेव्हा मेहुणा खुर्चीतून उठलाच.

"म्हणजे माझी बंदूक माझ्याकडे राहणार की नाही हे शेजारी ठरवणार? दाजी, हा काय न्याय झाला? उद्या कचऱ्यावरून तुमचं त्यांचं वाजलं, तुम्ही काचेच्या बाटल्या चुकीच्या दिवशी ठेवल्यात आणि त्यांनी टोकलं, की तुम्ही जाऊन सांगणार, हा माणूस रागीट आहे!"

"मी बाटल्या चुकीच्या दिवशी ठेवत नाही," मी म्हणालो.

"मुद्दा तो नाही!"

"मुद्दा वेगळाच आहे," बायको हळूच म्हणाली. "तो संध्याकाळचा आवाज."

महिनाभर हे आम्ही एकमेकांशीही धड बोललो नव्हतो. संध्याकाळी काकांच्या घरातून ओरडण्याचा आवाज यायचा. एकच तुटक हाक, मग शांतता. कधी त्यानंतर धप्प असा आवाज, कधी नाही. मग पुन्हा ओरडणं. आवाज काकांचाच. काकूंचा एकदाही नाही. सकाळी काकू कुंड्यांना पाणी घालताना हसून नमस्कार करायच्या, म्हणून आम्ही मनाची समजूत घालत होतो.

"पोलिसांनी विचारलं, घरातून कधी मोठे आवाज येतात का, तर?" मी म्हणालो.

"तर काही नाही म्हणायचं," बायको म्हणाली. "सगळे तेच म्हणतात. अहो, त्या माणसाचं सगळं आयुष्य त्या बंदुकीत आहे. तुमच्या एका वाक्यानं जाईल."

"आणि काकूंना काही होत असेल तर?"

बायकोनं खिडकीतून काकूंच्या कुंड्यांकडे पाहिलं.

मला माझे मामा आठवले. कोकणात त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, शेतसंरक्षणाच्या परवान्याची. ती माजघरात खुंटीला टांगलेली असायची आणि सुट्टीत आम्ही भावंडं तिच्याखाली अंथरुणं टाकून झोपायचो. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. मामा दर वेळी ठाण्यात जाऊन फौजदाराला ऐकवून यायचे, "मत आम्ही द्यायचं आणि बंदूक तुम्ही ठेवायची? तेवढ्यात डुकरं माझा भात खातात, त्यांनाही आचारसंहिता लावा की!" मामांच्या बाजूनं आम्ही सगळे होतो. पण मामा संतापी होते, आणि मामीला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. इथे निदान कुणीतरी विचारत होतं, आणि मलाच विचारणार होतं.

"मी जाऊन काकांनाच विचारतो," मी म्हणालो.

"तोंडावर? तुम्ही आवाज करता का, असं?" बायकोनं कपाळाला हात लावला. "जपानमध्ये असं कुणी विचारतं का!"

"मी विचारतो."

काकूंनी पाठवलेल्या मिकान संत्र्यांची टोपली परत करायचीच होती. रिकामी कशी द्यायची म्हणून बायकोनं त्यात चकल्या भरल्या. रागातच भरल्या, त्यामुळे काही मोडल्या. संध्याकाळी ओरडणं सुरू झाल्यावर मी निघालो. मेहुणा मागोमाग आला. "साक्षीदार हवा," म्हणाला.

घंटी वाजवली. ओरडणं थांबलं. काकूंनी दार उघडलं आणि काही कळायच्या आत आम्हाला आत घेतलं. दिवाणखान्याच्या मध्यभागी काका उभे होते. अंगात शिकारीचं जाकीट आणि खांद्याला बंदुकीसारखा लावलेला झाडूचा निळा दांडा. आम्हाला पाहून त्यांनी तो पाठीमागे लपवला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला एवढं लाजताना मी पाहिलं नव्हतं.

मी टोपली पुढे केली आणि सरळ म्हणालो, "संध्याकाळी तुमचं ओरडणं ऐकू येतं. पोलीस विचारतील. मी खोटं सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला आधी विचारायला आलो."

काकांचा चेहरा पडला. काकूंनी मात्र तोंडावर हात ठेवला, आणि मला वाटलं त्या रडताहेत. त्या हसत होत्या.

"दाखवा ना त्यांना," त्या काकांना म्हणाल्या.

काका तयार होईनात. शेवटी काकूंनीच सांगितलं. मैदानावर नेमबाजापुढे एक माइक असतो. नेमबाज खांद्याला बंदूक लावून ओरडतो, तो आवाज ऐकून यंत्र तबकडी हवेत सोडतं. आवाज पुरेसा नसेल तर यंत्र ढिम्म. उन्हाळ्यात काकांना मोठा खोकला झाला आणि त्यानंतर आवाज बसला तो बसलाच. नेमबाजीची सक्तीची परीक्षा त्यांनी पार केली, पण यंत्राला त्यांचं ओरडणं ऐकूच येईना, शेवटी शिकवणाऱ्यानं हातानं बटण दाबून तबकड्या सोडल्या. तेव्हापासून रोज सराव.

"आणि यंत्र मी!" काकू म्हणाल्या. त्या टेबलाच्या टोकाला बसल्या, एक मिकान हातात घेतलं आणि डोळे मिटले. काकांनी निरुपायानं दांडा खांद्याला लावला.

"हा!"

काकू जागच्या हलल्या नाहीत.

"हा!" या वेळी खिडकीची काच थरथरली. काकूंच्या हातून मिकान सुटलं आणि टेबलावरून गडगडत गेलं. काकांचा दांडा नेम धरत त्याच्यामागे फिरला. मिकान धप्पकन जमिनीवर पडलं.

मेहुण्यानं टाळ्या वाजवल्या. मलाही राहवलं नाही. महिनाभराचा धप्प आवाज तो हाच.

पण काका खाली बसले आणि म्हणाले, "आवाज बसला आहे हे पोलिसांना सांगू नका. ते काही जबरदस्ती करत नाहीत. फार नम्रपणे म्हणतात, आता वय झालं, स्वतःहूनच परत केलीत तर घरच्यांनाही बरं वाटेल. दर वेळी म्हणतात. एकदा कारण मिळालं की मग नाही म्हणणं कठीण होतं."

घरी येताना मेहुणा पुटपुटला, "हे धाडीपेक्षा वाईट. धाडीला निदान वकील तरी देता येतो."

पोलीस बुधवारी संध्याकाळी आले, मी ऑफिसातून येऊन टाय सोडत असताना. तेच दोघं. मेहुणा माझ्या कानाशी लागला, "वॉरंट विचारा. घरात घेऊ नका." त्यांना घरात यायचंच नव्हतं. चपला काढतो त्या पायरीखाली ते उभे राहिले, चहाही नको म्हणाले. प्रश्न पोलीस बाईच विचारत होती. काका दारू पितात का? शेजाऱ्यांशी भांडण? कधी धमकावलं? मी नाही, नाही, नाही म्हणत गेलो. पुढचा प्रश्न मला माहीत होता.

"घरातून मोठा आवाज कधी ऐकू येतो?"

मागे स्वयंपाकघरात बायकोच्या हातातली पळी थांबली.

"येतो," मी म्हणालो. "रोज संध्याकाळी."

दोघांनी वर पाहिलं.

मग मी सगळं सांगितलं. दांडा, मिकान, काकू, माइक. आवाज बसला आहे हेही सांगितलं, कारण ते सोडलं तर उरलेल्याला अर्थच राहत नव्हता. "मी जाऊन डोळ्यांनी पाहिलं आहे," मी म्हणालो. "तबकडी सुटत नाही म्हणून हा माणूस दुसऱ्याला बटण दाबायला सांगू शकला असता. तो रोज घसा फोडतो. ज्याला एवढी चिकाटी आहे, तो काडतूसही नीट मोजेल."

"दांडा?" मोठ्या पोलिसानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "बंदूक नाही?"

"झाडूचा दांडा. निळा."

त्यानं ते लिहून घेतलं. मग बाईनं विचारलं, "शेजारी म्हणून तुम्हाला स्वतःला भीती वाटते का?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "मला न सांगता शेजारी बंदूक असती तर वाटली असती," मी म्हणालो. "आता नाही."

ते गेले. बायको पळीसकट बाहेर आली. "सगळं सांगितलंत! एकच गोष्ट सांगू नका म्हणाले होते, तीही!"

"दाजींनी मारलं त्यांना," मेहुणा म्हणाला.

मी त्याच रात्री जाऊन काकांना सांगितलं, काय बोललो ते जसंच्या तसं. ते ऐकत राहिले. "हं," एवढंच म्हणाले आणि वाकले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओरडणं ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला जेवण जाईना. बायको माझ्याशी कामापुरतं बोलत होती आणि मेहुणा दर तासाला खिडकीशी जाऊन येत होता.

चौथ्या आठवड्यात रविवारी सकाळी घंटी वाजली. दारात काका, परवान्याचं छोटं पुस्तक दोन्ही हातांनी धरलेलं. नवा शिक्का. आम्ही तिघंही एकदम बोलू लागलो. काकांनी हात वर केला.

"ठाण्यात त्या मोठ्या पोलिसानं विचारलं, मिकान की साधं संत्रं?" ते म्हणाले, आणि एवढा वेळ दाबलेलं हसू त्यांच्या तोंडून फुटलं. "शनिवारी मैदानावर चला. सगळे."

मेहुण्याचं विमान रविवारचं होतं. गाडीत तो लहान मुलासारखा पुढे सरकून बसला होता. मैदानावर पोचल्यावर काकांनी बंदूक बाहेर काढली तसा त्याचा हात पुढे गेला, आणि काकांनी तो अलगद बाजूला केला. दुसऱ्याच्या बंदुकीला हात लावणं इथे गुन्हा आहे. "माझ्याकडे तीन आहेत!" तो मराठीत कळवळला. आम्ही कठड्यामागे उभे राहिलो. मी गुण मोजायचं काम मागून घेतलं.

काका जागेवर उभे राहिले. बंदूक खांद्याला. "हा!"

काही नाही.

शेजारचे नेमबाज जमिनीकडे पाहू लागले. "हा!" पुन्हा काही नाही. माझ्या शेजारी काकूंनी पिशवीतून एक मिकान काढलं आणि मुठीत घट्ट धरलं. काकांनी बंदूक खाली घेतली, खोल श्वास घेतला, पुन्हा लावली.

"हा!!"

डोंगराकडून नारिंगी तबकडी सुटली. बार झाला आणि हवेत नारिंगी धुराचा ठिपका उरला. बायकोनं कानांवरचे हात काढले. मेहुणा सगळं विसरून ओरडला, "वा काका, वा!"

आणि यंत्रानं त्याच्या ओरडण्यावर दुसरी तबकडी सोडली.

काकांनी बंदूक उचललीही नाही. ती तबकडी सावकाश गेली आणि गवतात अख्खी पडली. सगळं मैदान हसायला लागलं. कर्मचारी येऊन मेहुण्याला अत्यंत नम्रपणे मागे उभं राहायला सांगून गेला.

पंचवीसपैकी सोळा. मेहुणा गाडीत म्हणत राहिला की सतरावी त्याची होती. मी ती धरली नाही, कारण ती फुटली नव्हती. काकूंनी मागे वळून मुठीतलं मिकान त्याच्या हातात ठेवलं. ते गरम झालं होतं.

"तुम्हाला सराव नको," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज यंत्राला पहिल्याच वेळी पसंत पडला."