पेपरमिंटच्या डबीतल्या गोळ्या

हार्लिंगेन बंदरातल्या बेकरीत जन्मभर पीठ मळून हिस्केची बोटं म्हातारपणी पार आखडली होती. गुडघेदुखीच्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या पाकिटातून काढणंही तिला जमेना. म्हणून तिनं शेजारच्या डाउवेकडून त्या एकदम काढून घेतल्या आणि पेपरमिंटच्या रिकाम्या डबीत भरल्या. रविवारी चर्चमध्ये प्रवचन लांबलं की त्याच डबीतलं पेपरमिंट ती नातीला द्यायची, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

सून रिक्स्ट फेरीबोटीवर कामाला. ती बोटीवर असली की तिची तीन वर्षांची लेक नीन्के आजीकडे असे.

त्या दुपारी हिस्के वाटाण्याचं सूप ढवळत होती. पोर फार वेळ गप्प, म्हणून डोकावली, तर नीन्के आजीच्या चर्चला न्यायच्या उघड्या पिशवीपाशी बसलेली, हातात ती डबी, ओठांना पांढरी भुकटी.

"आजी, तुझी पेपरमिंटं कडू झालीत," ती म्हणाली.

काही गोळ्या थुंकलेल्या होत्या, काही पोटात गेलेल्या. डाउवे धावत आला, पण पोर हसतंय, नाचतंय हे पाहून म्हणाला, घशात बोट घाल, ओकली की झालं. सुनेच्या कानावर कशाला घालतेस? हिस्केनं मात्र डॉक्टरला फोन लावलाच. ओकायला लावू नका, वाटही बघू नका, असं त्यांनी बजावलं. हे विष आधी काही दाखवत नाही, आतल्या आत यकृत नासवतं. डाउवेनं मुकाट्यानं गाडी काढली.

हॉस्पिटलात विचारलं, किती खाल्ल्या?

"डबी भरलेली होती असंच धरा," हिस्के म्हणाली. "माझी लाज झाकायला कमी नाही सांगणार."

रक्त तपासून उताऱ्याचं औषध शिरेतून सुरू झालं. रिक्स्ट बोटीवरच्या गणवेशातच पोचली. तिनं विचारायच्या आधीच हिस्केनं सगळं सांगून टाकलं. रिक्स्ट तडक आत लेकीपाशी गेली.

नीन्केचं यकृत वाचलं. पण हिस्केनं सुनेला कळवलं, पोरीला आता माझ्याकडे ठेवू नका. कितीतरी दिवस लाजेनं ती चर्चलाही गेली नाही.

एका सकाळी रिक्स्ट लेकीला घेऊन दारात उभी राहिली.

"आई, बोट सुटायची वेळ झालीय. हिला घ्या."

"अजून भरवसा आहे माझ्यावर?"

"राग आहे, तो लगेच नाही जायचा. पण तुम्ही लपवलं असतं, तर आज ही माझ्या कडेवर नसती."

हिस्केनं आखडलेले हात पुढे केले, आणि नीन्के झेपावून तिच्या गळ्यात पडली.