निमंत्रकाचं नाव

बाजाराच्या टोकाला, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून तिचं फलक रंगवायचं चिंचोळं दुकान होतं. सगळे तिला पेंटरबाई म्हणत. शाळेची पन्नाशी असो की वाचनालयाची पंचविशी, फलक तिच्याच हातचा. लोक आधी तिलाच विचारायचे, "बाई, साठाला काय म्हणतात हो, अमृतमहोत्सव?"

"साठाला हीरक. अमृत पंचाहत्तरीला. एवढी घाई कशाला?"

दुकान मुळात नवऱ्याचं. लग्नानंतर ती डबा घेऊन यायची ती तिथेच रेंगाळायची. एकदा त्याने तिच्या हातात ब्रश दिला. "अक्षरं आधी, शिरोरेषा शेवटी. आधीच डोक्यावर रेघ ओढलीस तर बिचारी गुदमरतात."

तिसऱ्या वर्षी त्याला जहाजं रंगवायचं काम चालून आलं. "वर्षभराचा तर प्रश्न आहे," म्हणत तो गेला. काही महिने फोन आले. मग कंपनीचा निरोप आला, की तो एका बंदरात उतरला तो परत जहाजावर आलाच नाही. शोधाशोध झाली, अर्ज-विनंत्या झाल्या, हाती काहीच लागलं नाही. मागे उरल्या ती आणि सासूबाई. पोटासाठी तिने दुकान उघडलं.

त्याला जाऊन बारा वर्षं झाली त्या दिवशी भाजी निवडताना सासूबाई म्हणाल्या, "एक तप झालं गं."

"हो आई."

"तपाला फळ मिळतं म्हणतात."

"ते खडतर केलं तर. आपण दोन वेळ जेवून करतोय."

सासूबाईंना हसू आलं. मग कितीतरी वेळ त्यांच्या हातातली भाजी तशीच राहिली.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा ती कुठल्याशा क्लबचा रौप्यमहोत्सवी फलक रंगवत होती. बोटांना लागलेला चंदेरी रंग तिने त्या संध्याकाळी धुतला नाही.

पुढे सासूबाईंना पंचाहत्तर पूर्ण व्हायची वेळ आली. नणंद येऊन म्हणाली, "आईचा अमृतमहोत्सव करू या."

"तो आल्याशिवाय नको," सासूबाई म्हणाल्या.

पेंटरबाई त्यांच्याजवळ जाऊन बसली. "आई, फलक मी रंगवते. तुमचं नाव असं मोठं काढते, की रस्त्यावरून वाचता येईल."

सासूबाईंनी विचार केला. "खाली निमंत्रक म्हणून त्याचं नाव घालशील?"

"लोक काय म्हणतील, आई?" नणंद कुजबुजली.

"जेवायला येतील आणि जातील," सासूबाई म्हणाल्या.

पेंटरबाईने सोनेरी रंग कालवला. वरची अक्षरं भराभर उतरली. त्याच्या नावापाशी हात थांबला. हे नाव तिने कधीच रंगवलं नव्हतं. दुकानाच्या पाटीवर ते त्याने स्वतः काढलेलं होतं, आणि पाटी उन्हाने फिकी पडली तरी तिने त्यावर ब्रश फिरवला नव्हता. त्याचं वळण पुसलं जाईल याची भीती. आज ते वळण आठवून आठवून तिने नाव लिहिलं. ओढलेली शिरोरेषा वाळली तेव्हा तिला दिसलं, अक्षरं तिची होती. त्याचा हात त्यात कुठेच नव्हता. ती ब्रश धुवायचा विसरून तशीच बसून राहिली.

समारंभाला सगळे आले. नाव वाचून कुणी काही विचारलं नाही. त्याचा एक जुना मित्र मात्र फलकासमोर बराच वेळ उभा होता. सासूबाई दारात बसून प्रत्येकाला म्हणत होत्या, "या, मुलाने बोलावलंय तुम्हाला."

पाहुणे गेल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, "शताब्दीला मात्र त्याला म्हणावं, स्वतः ये."

"तोवर माझीच पंचाहत्तरी येईल, आई."

"मग दोन्ही एकदम करू. वेगळा मांडव नको."

सासूबाई पुढे चार वर्षं जगल्या. आता छापील फलकांमुळे काम कमी झालंय. तरी पेंटरबाई रोज सकाळी दुकान उघडते, रस्त्याकडे तोंड करून बसते, आणि दारावर सावली पडली की गिऱ्हाईक कोण हे पाहण्याआधी क्षणभर नुसतीच मान वर करते.