बाबांनी फिल्टर साफ केला

माझ्या बहिणीच्या साक्षगंधात व्याह्यांना द्यायचं म्हणून घेतलेलं पितळी घंगाळ अकोल्याला पोचलं, तेव्हा त्यात अर्ध्यापर्यंत डिझेल होतं.

(साक्षगंध म्हणजे आमच्या वऱ्हाडातला साखरपुडा. आणि डिझेल म्हणजे डिझेलच. त्याला वऱ्हाडात वेगळा शब्द नाही. असता तर त्या दिवशी आमच्या आत्यानं तो नक्की वापरला असता.)

मी बंगळुरूला मोटारहोम चालवतो. म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, फ्रीज, एवढंच काय, संडाससुद्धा! हौशी लोक ते भाड्यानं घेतात आणि मी त्यांना देश दाखवतो. मी नववीतून शाळा सोडली, गॅरेजात हात काळे केले, ट्रकवर क्लीनर झालो, आणि असाच घरंगळत इतक्या लांब आलो. एवढी महागाची गाडी सरांनी माझ्या हाती दिली, याचं मला अजून इतकं दडपण आहे की आरसा पुसताना जोर जास्त लागला तर मी आरशालाच 'सॉरी' म्हणतो. सर म्हणजे आमचे मालक. नागपूरला प्रवासी सोडून गाडी रिकामी परत न्यायची होती. सर फोनवर म्हणाले, "गजानन, तुम्हारा घर रास्ते में है ना? बहन का फंक्शन करके आना." नागपूरहून बंगळुरूला जाताना आमची अमरावती रस्त्यात येत नाही, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या त्या चुकलेल्या भूगोलाचा मी जन्मभर ऋणी आहे.

आता खरी धास्ती सांगतो. सोयरीक जुळवणाऱ्या माणसानं अकोल्याहून, मुलाकडून, एक वाक्य आणलं होतं. "पोरगी शिकलेली हाय, बाप चांगला बागाईतदार हाय. पन थो भाऊ? नववीतून शाळा सोडली म्हनते. तिकडं दूर काय करून राहिला, कोनाले मालूम!" माय म्हणाली, लोक बोलतातच. शीतल, म्हणजे माझी बहीण, हसली. मला मात्र ते वाक्य घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं टोचत राहिलं. (आम्ही माळकरी. मासा मी बंगळुरूतच पहिल्यांदा खाल्ला. घरी सांगू नका.) मी ठरवलं, आपण अकोल्याला वेळेवर पोचायचं आणि अशा थाटात पोचायचं की माझ्यापायी शीतलला सासरी कोणी एक शब्द बोलणार नाही.

बडनेऱ्याच्या अलीकडे आमचं वावर आहे. झेंडू, शेवंती, वांगी. निघायच्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी केली, तेव्हा आत्यानं आधी संडास पाहिला, मग ओटा पाहिला आणि विचारलं, "कावून रे गजू, याची गाडीपूजा करतेत का वास्तुशांती?"

"सरांनी नारळ फोडला होता, आत्या."

"मंग घरात फोडला का चाकासमोर?"

आत्यानं धोका नको म्हणून दोन्ही ठिकाणी हळदकुंकू वाहिलं.

बाबा मात्र खालीच उभे होते. माझ्या कामाबद्दल बाबांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. राग नव्हता त्यांना. गाडी म्हणजे वांगी बाजारात नेणारी वस्तू, यापलीकडे त्यांना तिच्यात काही दिसत नसे. त्या दिवशी बाजूचं झाकण उघडून मी डिझेलचा फिल्टर तपासत होतो, तर ते अचानक शेजारी येऊन वाकले.

"हे काय हाय?"

"फिल्टर, बाबा. नवा हाय. म्याच बदलला."

"फिल्टर? आपल्या ठिबकले असते तसा?"

आता मला आनंद झाला! उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आमच्या दोघांत एक समान वस्तू निघाली होती. मी फुशारलो. मास्तरासारखा समजावू लागलो, "अगदी तसाच. ठिबकात पान्यातला गाळ अडकते, तसं यात डिझलमधलं पानी खाली बसते. ही खालची चकली फिरवली का पानी निघून जाते."

"म्हंजे फ्लश करा लागते."

"बरोब्बर!"

बाबांनी मान हलवली. मी शीळ घालत गाडी चालू केली.

ज्यांच्याकडे ठिबक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठिबकचा फिल्टर तुंबला की नळ्यांची बारीक भोकं बुजतात आणि पीक उन्हात वाळतं. म्हणून ठिबकवाला शेतकरी फिल्टर दिसला की तो उघडून धुतोच. लग्नात असो, मयतीत असो. बाबा तर दुसऱ्यांच्या वावरातले फिल्टरही न विचारता फ्लश करून येतात आणि लोक त्यांना चहा पाजतात.

मूर्तिजापूर ओलांडल्यावर चहाला थांबलो. मी कप घेऊन परत येतो तर बाबा झाकण उघडून खाली उकिडवे बसलेले, धोतराला डिझेल, चेहऱ्यावर समाधान.

"गजू, तुह्या फिल्टर साफ करून देल्ला. लय पिवळं पानी निघालं!"

"बाबा! ते डिझल होतं!"

"सगळंच?"

सगळंच! ठिबकचं पाणी स्वच्छ येईस्तोवर सोडायचं असतं. बाबा बिचारे स्वच्छ पाण्याची वाट पाहत बसले होते. शेवटी वैतागून त्यांनी चकली बंद केली. तीसुद्धा पाण्याची मोटर बांधतात त्या जोरानं. प्लॅस्टिकची चकली कडेनं चिरली. टप... टप... टप...

मी खाली वाकलो, तर बाबा म्हणाले, "पयले खाली काई तरी ठेव. बाजूले कोनाचं तरी वावर हाय. मातीत डिझल नाई गेलं पायजे." खरंच, रस्त्याच्या उताराला लागून तूर उभी होती. माय बादली शोधू लागली. पण आत्याला जे पहिलं हाताला लागलं ते तिनं आणून ठेवलं. घंगाळ!

"आत्या, ते इवायाचं हाय!" शीतल ओरडली.

"मंग? इवायाले धुवून देऊ!"

आता फिल्टर रिकामा, म्हणजे नळीत हवा. इंजिन नुसतं खोकून बसलं. हवा काढायला हातानं एक छोटा पंप दाबत राहावं लागतं. मी दाबला, बोटं दुखली. मग बाबांनी दाबला. फवारणीचा पंप मारून मारून त्यांचा हात तयार. वरच्या स्क्रूतून बुडबुडे यायला लागले तसे ते खूष झाले. "पाय, येऊन राहिलं! येऊन राहिलं!" जणू बोअरला पाणी लागलं होतं.

चिरेचं काय करायचं? बाबांनी खिशातून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली. (ठिबकवाल्याच्या खिशात ती असतेच.) त्यांनी ती करकचून गुंडाळली. मला माहीत होतं की डिझेलनं ते रबर फुगतं. पण बाप पहिल्यांदाच माझ्या गाडीची दुरुस्ती करत होता, म्हणून मी पट्टीचं दुसरं टोक धरून दिलं. रबर थोड्या वेळात फुगून जिलबीसारखं झालं आणि दुप्पट गळू लागलं.

तेवढ्यात मागून धुराचा वास आला. आत्या! गाडीला नजर लागली म्हणून उदबत्ती पेटवून ती गळतीभोवती ओवाळायला निघाली होती!

"आत्याऽऽ! विझव! विझव ते!"

"ओरडू नको बाप्पा, देवाचं हाय!"

शीतलनं उदबत्ती हिसकून चहात बुडवली. माझ्या चहात.

मी सरांना फोन लावला. गाडी गेली, नोकरी गेली, बहिणीचं साक्षगंध गेलं, असा हिशेब मी मनात मांडून ठेवला होता. सरांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "सब लोग ठीक हैं? आग-वाग नहीं ना? तो पहले बहन का काम. गाड़ी मैं देख लूँगा." मला रडू येत होतं आणि डोळे पुसावेत तर हाताला डिझेल. बाथरूममध्ये सरांनी पाहुण्यांसाठी ठेवलेला गुलाबाच्या वासाचा साबण होता. तो ओला करून, मळून मी चिरेत दाबला आणि वरून फडकं बांधलं. ट्रकवर असताना टाकी गळाली की आम्ही हेच करायचो. गळती थांबली नाही, पण शहाणी झाली. उरलेल्या थेंबांसाठी घंगाळ सुतळीनं फिल्टरखाली लटकवलं. झाकण उघडं, घंगाळ हलतंय, असं आमचं घर बैलगाडीच्या चालीनं अकोल्याकडे निघालं. मधूनमधून इंजिन खोकलं की थांबायचं. मग बाबा उतरून पंप दाबायचे आणि आत्या खिडकीतून विचारायची, "आलं का पानी?"

झेंडूचे हार, गुलाबाचा साबण आणि डिझेल. त्या मिश्र वासातच मुहूर्त टळला.

व्याह्यांचं घर जुन्या शहरात. गल्लीत गाडी शिरेना. मोर्णा नदीच्या पुलाजवळच उभी केली, तर व्याही, नवरदेव, अर्धी गल्ली, सगळे बघायला तिथेच आले. गाडीखाली लोंबणारं घंगाळ सगळ्यांनी पाहिलं. मी मान खाली घातली. आता ते वाक्य येणार. हाच का थो नववीवाला भाऊ?

व्याही म्हणाले, "लय उशीर केला जी! काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाले. अंगावर नवं धोतर, त्यावर डिझेलचा नकाशा. भर लोकांत म्हणाले, "गाडी म्या बिघडवली. पोरानं मले बराबर शिकवलं होतं, म्याच अर्धं शिकलो. त्यानं रस्त्यात दुरुस्त केली म्हनून तं आलो. तुमाले मालूम नाई, एवढी मोठी गाडी थो एकटा चालवते. देशभर!"

बाबा माझ्याबद्दल एवढं बोलू शकतात, हे मला माहीत नव्हतं. मायनं पदर डोळ्याला लावला. (ती म्हणते, डिझेलची वाफ होती.) शीतल माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि व्याह्यांना म्हणाली, "भाऊ आल्याबिगर मी पाटावर बसत नाई." आणि खरंच, मी गाडीला दगड लावून, हात खंगाळून येईस्तोवर ती बसली नाही. गुरुजींनी पुढचा मुहूर्त काढला. तो आधीच्यापेक्षाही चांगला निघाला. (उशिरा येणाऱ्यांसाठी गुरुजींकडे नेहमी असतो.)

साक्षगंध झालं. शीतलच्या कपाळाला कुंकू लागलं, अंगठी बोटात गेली. जेवणं उरकली आणि व्याही माझ्या खांद्यावर हात टाकून गाडीकडे घेऊन आले. आवाजात आदर! "भाऊ, तुमी तं मोठे हुशार निघाले. आमच्या संत्र्यालेही ठिबकच हाय. मलेही दाखवा ना, ह्या डिझलच्या फिल्टरचं कसं असते?"

ज्या क्षणासाठी मी अख्खा दिवस जीव टांगणीला लावला होता, तो क्षण हाच. व्याही स्वतः मला ज्ञान विचारत होते. मागे बाबा बाह्या सरसावून तयारच उभे होते.

मी झाकण लावलं, त्याला पाठ टेकली आणि हात जोडून म्हणालो, "इवाईबुवा, मी नववीतून शाळा सोडली. मले यातलं काहीच समजत नाई!"